सवानी: डोंगरावरच्या कॉलेजचा फुटबॉल

ऑस्टिन, कॉलेज स्टेशन, अटलांटा. गेल्या तीस-चाळीस वर्षांत ही नावं मराठी घरांच्या चांगलीच ओळखीची झाली आहेत. कुणाचा मुलगा टेक्सस ए अँड एमला एमएस करत असतो, कुणाची भाची जॉर्जिया टेकला असते. तिथे गेलेल्या मुलांना पहिल्याच सप्टेंबरमध्ये कळतं की शनिवारी हे गाव वेगळंच असतं. रस्ते अडवलेले, दुकानांवर एकाच रंगाचे झेंडे आणि सगळी गर्दी एकाच दिशेने निघालेली. कॉलेज स्टेशनला टेक्सस ए अँड एमच्या काइल फील्डवर १,०२,७३३ प्रेक्षक बसतात. नॉक्सव्हिलला टेनेसी विद्यापीठाच्या नेलंड स्टेडियममध्येही लाखाच्या वर. एवढी माणसं येतात ती कॉलेजमधल्या मुलांचा फुटबॉल बघायला.

या दोन्ही विद्यापीठांना एकाच हंगामात हरवणारं एक छोटं कॉलेज टेनेसीतल्या डोंगरावर आहे. त्याच हंगामात त्याने टेक्सस, जॉर्जिया, जॉर्जिया टेक, ट्युलेन, लुईझियाना स्टेट, मिसिसिपी, ऑबर्न आणि नॉर्थ कॅरोलिना यांनाही हरवलं. बारा सामने, बारा विजय. त्यांचे गुण ३२२, आणि सगळ्या प्रतिस्पर्ध्यांचे मिळून १०. हा हंगाम १८९९ चा. कॉलेजचं नाव ‘युनिव्हर्सिटी ऑफ द साउथ’, पण सगळे त्याला गावाच्या नावाने सवानीच म्हणतात. तिथली मंडळी तर नुसतं ‘द माउंटन’ म्हणतात. ‘डोंगरावर शिकलो’ एवढं सांगितलं की पुरतं.

अमेरिकेच्या दक्षिणेत सवानीच्या त्या हंगामाच्या, त्यातही सहा दिवसांत जिंकलेल्या पाच सामन्यांच्या गोष्टी शंभर वर्षांहून अधिक काळ सांगितल्या जातात. गोष्टी खऱ्या आहेत आणि सांगाव्यात अशाच आहेत. पण या कॉलेजचा फुटबॉल तेवढ्यावर संपत नाही. १८९१ मध्ये सुरू झालेला हा खेळ आजही त्याच डोंगरावर चालू आहे. मधल्या काळात या कॉलेजने कमालीचं यश पाहिलं, सलग आठ वर्षं मानहानी सोसली, आणि मग असा एक निर्णय घेतला की तसा निर्णय घेणारी कॉलेजं आजही विरळा. माझ्या मते सवानीच्या इतिहासाचं खरं मोल त्या निर्णयात आहे. म्हणून पुढच्या पानांत शिरण्यापूर्वी १८९९ आणि त्या निर्णयाचं १९४० ही दोन्ही सालं वाचकाने शेजारी शेजारी ठेवावीत.

आधी जागेविषयी. नॅशव्हिल आणि चॅटनुगा या दोन शहरांच्या मधे कंबरलंड नावाचं पठार उठलेलं आहे. त्याच्या माथ्यावर, सुमारे दोन हजार फूट उंचीवर, कॉलेजची स्वतःची जमीन आहे, आज सुमारे १३ हजार एकर. बहुतेक सगळं जंगल, कडे आणि झरे. मधोमध वाळूच्या दगडाच्या, ऑक्सफर्डच्या वळणाच्या इमारती. पायथ्याच्या कावन गावातून वर येणारा रेल्वेचा फाटा इतका चढणीचा होता की गाडीला लोक ‘माउंटन गोट’ म्हणत. ही रेल्वे घातली होती कोळशासाठी. खाणीच्या कंपनीने दिलेल्या जमिनीवरच कॉलेज उभं राहिलं.

स्थापना १८५७ ची, एपिस्कोपल चर्चच्या दक्षिणेतल्या बिशपांनी केलेली. उत्तरेत जावं न लागता दक्षिणेतल्या जमीनदारांच्या मुलांना उत्तम शिक्षण मिळावं, हा हेतू. ते जमीनदार कोण होते हे सांगितल्याशिवाय पुढे जाणं बरोबर नाही. गुलामांच्या श्रमांवर ज्यांचे मळे चालत होते, त्यांच्या पैशावर आणि त्यांच्या समाजासाठी हे विद्यापीठ योजलं गेलं. संस्थापकांतले लिओनिडस पोक हे बिशप पुढे यादवी युद्धात गुलामी टिकवू पाहणाऱ्या फौजेचे सेनापती झाले आणि १८६४ मध्ये रणांगणावर मारले गेले. १८६० मध्ये बसवलेली कोनशिला उत्तरेच्या सैनिकांनी युद्धात फोडून टाकली. युद्धानंतर इंग्लंडमध्ये वर्गणी गोळा करून १८६८ मध्ये कॉलेज प्रत्यक्ष सुरू झालं, तेव्हा विद्यार्थी होते नऊ. गुलामीशी असलेल्या या नात्याचा शोध विद्यापीठाने स्वतःच २०१७ पासून रीतसर हाती घेतला आहे. इथल्या फुटबॉलच्या सुरुवातीच्या गोष्टींत खेळाडूंची जी नावं येतात, ती सगळी गोऱ्या, बहुतेक सुखवस्तू घरांतल्या मुलांची आहेत. त्याचं कारण हे नातंच आहे.

हा फुटबॉल म्हणजे अमेरिकेचा, लांबट चेंडू हातात घेऊन पळण्याचा. १८९१ च्या नोव्हेंबरमध्ये सवानीच्या मैदानावर पहिला सामना झाला. नॅशव्हिलचं व्हँडरबिल्ट विद्यापीठ वर आलं आणि २२-० असं जिंकून गेलं. दोनच आठवड्यांनी सवानीच्या मुलांनी चॅटनुगाला जाऊन टेनेसी विद्यापीठाला २४-० असं हरवलं. आज ज्याच्या मैदानावर लाखभर लोक जमतात त्या टेनेसीचा तो आयुष्यातला पहिला सामना होता. डोंगरावरच्या त्या मैदानाला आज मॅकगी फील्ड म्हणतात. दक्षिणेत सलग वापरात असलेलं कॉलेज-फुटबॉलचं सर्वांत जुनं मैदान म्हणून ते ओळखलं जातं. त्याच सुमारास, १८९२ मध्ये, ‘सवानी रिव्ह्यू’ हे वाङ्मयीन त्रैमासिक निघालं, तेही आजवर बंद पडलेलं नाही. एवढ्याशा गावात एका वर्षाच्या अंतराने सुरू झालेल्या या दोन गोष्टी अजून चालू आहेत, याचं मला फार अप्रूप वाटतं.

तेव्हाचा खेळ आजच्यापेक्षा बराच वेगळा होता. नियम कळले नाहीत तर सहा दिवसांत पाच सामने म्हणजे काय हे कळणार नाही, म्हणून थोडं थांबतो. चेंडू पुढे फेकायला बंदी होती. ती मुभा १९०६ मध्ये मिळाली. तीन प्रयत्नांत पाच यार्ड पुढे सरकायचं, नाही तर चेंडू गेला. चेंडू रेषेपलीकडे नेला की पाच गुण, त्यानंतरची किक साधली की आणखी एक. फील्ड गोललाही पाच. पुढे फेकता येत नाही म्हटल्यावर उरतं काय? सगळ्यांनी एकमेकांना धरून, कबड्डीतल्या साखळीसारखं एकजीव होऊन, समोरच्या भिंतीवर आदळायचं. दोन डाव प्रत्येकी ३५ मिनिटांचे. हल्ला करणारे अकरा आणि बचाव करणारे अकरा तेच. एकदा बाहेर गेलेला खेळाडू परत येऊ शकत नसे, त्यामुळे नाक फुटलं, खांदा निखळला तरी मुलं मैदान सोडत नसत. डोक्यावर शिरस्त्राण असायलाच हवं असं नव्हतं. मैदानावर मुलं मरत होती. १९०५ च्या हंगामात मृत्यू इतके झाले की खुद्द राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांनी लक्ष घातलं आणि नियम बदलले गेले.

असा हा खेळ. आणि या खेळाचे पाच सामने सहा दिवसांत, तेही पाच वेगवेगळ्या गावांत.

दौरा आखला तो ल्यूक ली या विद्यार्थ्याने. संघाचा व्यवस्थापक विद्यार्थीच असे. सामने ठरवणं, पैसे उभे करणं, गाडीची तिकिटं काढणं सगळं त्याच्याकडे. व्हँडरबिल्टशी होणारा सामना हा दर वर्षीचा उत्पन्नाचा मोठा आधार होता. त्या वर्षी तिकिटांच्या पैशांच्या वाटणीवरून दोघांचं बिनसलं आणि सामना बारगळला. हंगामाचा खर्च भागवायचा कसा? डोंगरावर येऊन खेळायला मोठे संघ तयार नसत आणि आले तरी बघायला येणार कोण? तेव्हा लीने ठरवलं, आपणच खाली उतरायचं आणि जिथे गर्दी जमते तिथे एकामागून एक खेळायचं. महिनाभराचे सामने एका आठवड्यात बसवले. या दौऱ्याचं मूळ पैशाच्या अडचणीत होतं ही गोष्ट बहुतेक सांगणारे भरभर ओलांडून जातात. मला ती महत्त्वाची वाटते, कारण पुढे चाळीस वर्षांनी कॉलेजपुढे तोच प्रश्न उभा राहिला, आणि तेव्हा उत्तर वेगळं निघालं.

कोच बिली सूटर, प्रिन्स्टनला खेळलेला तरुण. कप्तान अलाबामाचा हेन्री सायबल्स, ज्याला सगळे ‘डिडी’ म्हणत. किक मारायला आणि मधून घुसायला ऑर्मंड सिमकिन्स. हंगामाचे पहिले चार सामने संघाने समोरच्याला एकही गुण न देता जिंकले होते. नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात झोपायची सोय असलेला डबा घेऊन ही मंडळी निघाली. बाहेरगावचं पाणी बाधू नये म्हणून डोंगरावरच्या ट्रेमलेट झऱ्याचं पाणी पिंपांत भरून बरोबर घेतलं होतं. खेळायचे बूट मात्र फलाटावरच राहिले. गाडी सुटल्यावर ते लक्षात आलं, मग तार करून मागून मागवावे लागले, असं सांगतात.

९ नोव्हेंबर, गुरुवार. ऑस्टिनला टेक्ससशी सामना. टेक्सस तेव्हाही बलाढ्य. सायबल्सचं डोकं फुटलं, जखमेवर पट्टी चिकटवून तो पुढे खेळत राहिला. सवानी १२-०. रात्री गाडी. शुक्रवारी ह्यूस्टनला टेक्सस ए अँड एम, १०-०. पुन्हा गाडी, रात्रभर पूर्वेकडे. शनिवारी न्यू ऑर्लिन्सला ट्युलेन, २३-०. रविवारी सुट्टी. बिशपांचं कॉलेज ते, रविवारी सामना ठेवण्याचा प्रश्नच नव्हता. सोमवारी बॅटन रूजला लुईझियाना स्टेट, ३४-०. मंगळवारी, १४ तारखेला, मेम्फिसला मिसिसिपी, १२-०. पाच सामन्यांत ९१ गुण, आणि विरुद्ध बाजूला भोपळा. सगळा प्रवास सुमारे अडीच हजार मैलांचा. ज्या गाडीत झोपायचं तिच्यातच दुखरं अंग शेकायचं, तिच्यातच उतरायच्या आधी पट्ट्या बांधायच्या.

त्या डब्यात कॅल बरोज नावाचा एक कृष्णवर्णीय माणूस होता. मुलांची अंगं रगडणं, जखमा बांधणं, त्यांना दुसऱ्या दिवशी उभं करणं हे काम त्याचं. वीस-बावीस वर्षांची पोरं रोज सत्तर मिनिटं एकमेकांवर आदळून दुसऱ्या सकाळी पुन्हा मैदानात उतरू शकली यात त्याच्या हातांचा वाटा किती असेल, याचा विचार करावा. ज्या कॉलेजसाठी तो राबला तिथे त्याच्या लोकांना प्रवेश नव्हता. धर्मशास्त्राच्या शाखेने कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांना दार उघडलं ते १९५३ मध्ये, तेही आधीच्या वर्षी प्राध्यापकांनी नकाराच्या निषेधार्थ राजीनामे दिल्यानंतर. पदवीचे वर्ग त्यांच्यासाठी खुले व्हायला साठचं दशक उजाडावं लागलं. १८९९ च्या खेळाडूंना ‘आयर्न मेन’, पोलादी माणसं, म्हणतात. त्या बिरुदात बरोजला धरलं पाहिजे, असं माझं मत आहे.

परतल्यावर उरलेला हंगाम. कंबरलंडवर ७१-०. मग माँटगोमेरीला ऑबर्न, आणि हाच खरा अटीतटीचा सामना. ऑबर्नचा कोच जॉन हाइजमन. आज अमेरिकेतल्या सर्वोत्तम कॉलेज-खेळाडूला दर वर्षी जो चषक देतात, तो याच हाइजमनच्या नावाचा. त्याच्या मुलांनी झटपट खेळ करून सवानीला भंडावून सोडलं आणि हंगामभरात न दिलेले १० गुण वसूल केले. सवानी ११-१० अशी जेमतेम वाचली. पंचांच्या निर्णयांविषयी हाइजमनने नंतर वर्तमानपत्रातून तक्रार केली. शेवटी अटलांटात नॉर्थ कॅरोलिनाला ५-० असं नमवून बाराचा आकडा पुरा झाला.

या मुलांचं पुढे काय झालं हेही वाचण्यासारखं आहे. ल्यूक लीने ‘टेनेसीयन’ हे दैनिक काढलं, १९११ मध्ये तो अमेरिकेच्या सिनेटवर गेला, पहिल्या महायुद्धात कर्नल झाला. १९१९ च्या जानेवारीत तर हॉलंडमध्ये आश्रयाला गेलेल्या जर्मन कैसरला पकडून आणायला काही सैनिकांसह तो थेट त्याच्या मुक्कामाच्या वाड्यात जाऊन धडकला. कैसर काही हाती लागला नाही. पुढे बँकेच्या गैरव्यवहारात तुरुंगवास भोगून तो सुटला. सायबल्सने विम्याच्या धंद्यात नाव कमावलं. क्लेबोर्न हा खेळाडू धर्मोपदेशक होऊन याच डोंगरावर परत आला. सिमकिन्सविषयी सवानीत जे सांगतात ते ऐकून मन विषण्ण होतं: खेळातल्या जुन्या दुखापतींपायी त्याचे दोन्ही पाय कापावे लागले. पोलादी माणसांची गोष्ट सांगताना हेही सांगावं लागतं.

विसाव्या शतकाची पहिली वीस-पंचवीस वर्षं बरी गेली. १९०९ चा संघ दक्षिणेत अव्वल ठरला, त्याने व्हँडरबिल्टलाही हरवलं. त्या काळात सवानीसाठी मधल्या फळीत खेळलेला फ्रँक जूहान पुढे फ्लॉरिडाचा बिशप झाला, विद्यापीठाचा कुलपती झाला आणि फुटबॉलच्या मानकऱ्यांच्या यादीतही बसला. एकाच माणसाच्या वाट्याला हे तिन्ही यावं हे सवानीतच शक्य होतं.

पण खाली, डोंगराच्या पायथ्याशी, जग बदलत होतं. सरकारी विद्यापीठं फुगत चालली. त्यांच्याकडे हजारो विद्यार्थी, राज्याचा पैसा, मोठमोठी मैदानं. चांगला खेळाडू हेरायचा, त्याला शिष्यवृत्ती द्यायची, त्याच्यासाठी पगारी कोचांची फौज ठेवायची, असा व्यवहार सुरू झाला. सवानीत मुलं होती मोजकी. तरीही संघटनांत सवानी अग्रभागी राहिली. १८९४ मध्ये दक्षिणेतली पहिली आंतरमहाविद्यालयीन संघटना स्थापन करणाऱ्या सात संस्थांत सवानी होती. १९३२ च्या डिसेंबरमध्ये नॉक्सव्हिलला तेरा विद्यापीठांनी साउथईस्टर्न कॉन्फरन्स स्थापन केली, तिच्यातही सवानी होती. हीच ती एसईसी, आज अमेरिकेतल्या कॉलेज-फुटबॉलची सर्वांत दबदबा असलेली संघटना. अलाबामा, जॉर्जिया, फ्लॉरिडा, टेनेसी, लुईझियाना स्टेट यांच्या पंक्तीला हे डोंगरावरचं कॉलेज.

१९३३ ते १९४० या आठ हंगामांत एसईसीतल्या संघांशी सवानी ३७ सामने खेळली. सदतीसही हरली. निम्म्याहून अधिक सामन्यांत एकही गुण करता आला नाही.

हा आकडा सांगताना अनेक जण हसतात. मला त्यात हसण्यासारखं काही दिसत नाही. त्या मुलांची नावं कुठल्या भिंतीवर कोरलेली नाहीत. त्यांना दर शनिवारी ठाऊक असायचं की समोरचे वजनाने जास्त, संख्येने जास्त, तयारीने जास्त आहेत. सामने बहुतेक परगावी, कारण गल्ला तिथे जमायचा. १८९९ मध्ये लीने जी वाट पैशासाठी धरली तीच वाट, फक्त आता तिच्या शेवटी विजय नव्हता. हरण्याबद्दल पैसे मिळवायचे आणि त्यात कॉलेजचा फुटबॉल चालवायचा, अशी पाळी आली होती. या आठ वर्षांत एका एसईसी सामन्यात तरी विजय मिळाला असता, तर गोष्ट थोडी गोड झाली असती. तो मिळाला नाही. १८९९ च्या बारा विजयांना जेवढी पानं मिळतात तेवढी या सदतीस पराभवांना मिळायला हवीत, हे मी अगदी मनापासून लिहितो आहे.

१९३८ मध्ये अलेक्झांडर गेरी कुलगुरू झाले. ते स्वतः सवानीचेच माजी विद्यार्थी, इथे फुटबॉल खेळलेले, त्यामुळे खेळाचा तिटकारा असलेला कुणी पंतोजी बाहेरून येऊन बसला असं म्हणायला जागा नव्हती. त्यांचं म्हणणं सरळ होतं. कॉलेजचा खेळ कॉलेजात शिकणाऱ्यांनी खेळावा. पैसे देऊन खेळाडू आणायचे आणि त्यांना विद्यार्थी म्हणायचं, हे शिक्षणसंस्थेला शोभत नाही. खेळाच्या शिष्यवृत्त्या त्यांनी बंद केल्या आणि १९४० च्या डिसेंबरमध्ये सवानी एसईसीतून बाहेर पडली. संस्थापक सदस्यांपैकी बाहेर पडणारी ती पहिली. जॉर्जिया टेक आणि ट्युलेन त्यानंतर चोवीस-पंचवीस वर्षांनी गेले.

या निर्णयाचं वजन कळायला बरोबर एक वर्ष मागे, शिकागोला जावं लागतं. शिकागो विद्यापीठ हेही फुटबॉलमधलं जुनं मातब्बर घराणं. पण पराभवांचा सपाटा सुरू झाला आणि १९३९ च्या डिसेंबरमध्ये तिथले अध्यक्ष रॉबर्ट हचिन्स यांनी फुटबॉल मुळातच बंद करून टाकला. विद्यापीठाचं काम विद्या, खेळाचा हा बाजार आपल्याला नको, असा तो निकाल. त्याचं तेव्हा खूप कौतुक झालं, आजही होतं. गेरींनी बाजार नाकारला आणि खेळ ठेवला. हचिन्स यांच्यापेक्षा गेरींचं काम मला अवघड वाटतं. बंद केलेल्या गोष्टीची कुणी तुलना करत नाही. चालू ठेवलेली गोष्ट मात्र दर शनिवारी लोकांसमोर उभी राहते. कालपर्यंत अलाबामाशी खेळणारं कॉलेज आज कुठल्या तरी लहान गावच्या लहान कॉलेजशी खेळतंय, हे माजी विद्यार्थ्यांना बघावं लागतं. वर्गणीदार नाराज होतात. आजोबांनी सांगितलेल्या गोष्टी आणि डोळ्यांसमोरचा खेळ यांत अंतर पडतं. हे सगळं गृहीत धरून गेरींनी खेळ राखला, कारण शरीराने आणि मनाने कष्ट घेणं, एकमेकांवर विसंबून राहणं, हे तरुण मुलांच्या शिक्षणात असलं पाहिजे असं त्यांना वाटत होतं.

महायुद्धामुळे खेळात खंड पडला. १९४६ पासून तो पुन्हा सुरू झाला, एकाही शिष्यवृत्तीविना. त्यानंतर काय झालं ते फारसं कुणाला माहीत नसतं, आणि त्यात बघण्यासारखं खूप आहे. १९५७ मध्ये शर्ली मेजर्स हे शाळेतल्या मुलांना शिकवून आलेले कोच सवानीला आले आणि १९७७ पर्यंत राहिले. त्यांचा मुलगा जॉनी मेजर्स टेनेसीचा नामांकित खेळाडू. पुढे १९७६ मध्ये कोच म्हणून त्याने पिट्सबर्गला राष्ट्रीय विजेतेपद मिळवून दिलं. मुलगा लाखालाखाच्या मैदानांवर आणि वडील डोंगरावर, जिथे काही शे लोक बघायला यायचे. त्याच वडिलांचे १९५८ आणि १९६३ चे संघ अपराजित राहिले. त्या मुलांपैकी कुणालाही खेळण्यासाठी दमडी मिळत नव्हती. सकाळी गाऊन घालून वर्गात बसायचं, हा सवानीचा ऑक्सफर्डकडून घेतलेला रिवाज, आणि दुपारी सरावाला जायचं. १९६३ च्या त्या हंगामाला १८९९ च्या खालोखालचं स्थान द्यायला मी तयार आहे.

१९६२ मध्ये आपल्यासारख्याच विचारांच्या छोट्या कॉलेजांबरोबर सवानीने नवी संघटना काढली. १९७३ मध्ये राष्ट्रीय पातळीवर तीन विभाग झाले आणि खेळाच्या शिष्यवृत्त्या न देणाऱ्यांचा तिसरा विभाग ठरला. गेरींनी तेहेतीस वर्षांपूर्वी एकट्याने आखलेली रेघ आता नियमपुस्तकात आली होती. आज त्या तिसऱ्या विभागात चारशेहून अधिक कॉलेजं आहेत. मुली १९६९ पासून सवानीत शिकू लागल्या आणि मैदानं त्यांचीही झाली. आज पदवीचे विद्यार्थी सुमारे १,७०० आहेत.

खालच्या जगात दरम्यान पैशाने सगळे बांध ओलांडले. २०२१ पासून कॉलेजच्या खेळाडूंना आपल्या नावावर आणि छबीवर कमाई करायची मुभा मिळाली. जून २०२५ मध्ये न्यायालयाने मान्य केलेल्या तडजोडीनुसार मोठी विद्यापीठं आता खेळाडूंना थेट पैसे देऊ शकतात, पहिल्या वर्षी प्रत्येक विद्यापीठाला मर्यादा सुमारे २ कोटी ५ लाख डॉलरची. खेळाडूंना पैसे मिळू लागले हे वाईट झालं असं मी म्हणणार नाही. ज्यांच्या अंगमेहनतीवर कोचांनी कोट्यवधी कमावले, त्यांना वाटा मिळणं हा न्याय आहे. पण त्याबरोबर एक गोष्ट उघड झाली: गेरी १९४० मध्ये ज्याला धंदा म्हणत होते तो धंदाच होता. तो धंदा करायचा तर पगार द्या, करायचा नसेल तर बाहेर पडा, एवढे दोनच प्रामाणिक मार्ग होते. बाकीच्यांना पहिल्या मार्गावर यायला पंचाऐंशी वर्षं लागली.

सहा दिवसांत सवानीने हरवलेल्या पाचांपैकी लुईझियाना स्टेट आणि मिसिसिपी एसईसीत पहिल्यापासून आहेत, टेक्सस ए अँड एम २०१२ मध्ये आली, टेक्सस २०२४ मध्ये. पाचवं ट्युलेन, तेही एकेकाळी तिथलंच. म्हणजे त्या दौऱ्यात हरलेली सगळी विद्यापीठं कधी ना कधी एसईसीत पोचली, आणि सवानी तिथून स्वतःहून उठून आली.

हा इतिहास वाचायला घेणाऱ्यांना माझी एक विनंती आहे. आगगाडीचं आणि पाण्याच्या पिंपांचं प्रकरण संपलं की पुस्तक मिटू नका. १९३३ ते १९४० ची पानं उडी मारून ओलांडू नका. ती सावकाश वाचा, आणि मग गेरींच्या निर्णयाकडे या. आपल्याकडच्या कॉलेजांत खेळाच्या तासाला आणि मैदानाला काय किंमत उरली आहे हे ज्यांना ठाऊक आहे, त्यांना ही पानं परकी वाटणार नाहीत. आणि तुमच्या घरातलं कुणी टेनेसीत असेल, तर त्याला सांगा, शरद ऋतूतल्या एखाद्या शनिवारी गाडी काढून डोंगरावर जा. सामना दुपारी असतो, आणि बसायला जागा मिळते.